सोसायटीचे दप्तर वाचनालयात : एका ग्रंथदेणगी सेवेचा अनुभव

ठाणे पश्चिमेच्या आमच्या ६४ सदनिकांच्या सोसायटीत दोन कार्यकाळ, म्हणजे दहा वर्षे, सचिवपद सांभाळून मी गेल्या वर्षी मोकळा झालो. सोसायटीचे अधिकृत दप्तर नव्या समितीकडे यादी करून, सह्या घेऊन सोपवले. पण या काळात स्वतःच्या खिशातून जमवलेला पसारा घरीच राहिला. सहकार कायद्याची पुस्तके, वेगवेगळ्या वर्षांच्या उपविधींच्या, म्हणजे सोसायटीच्या कारभाराच्या नियमांच्या, प्रती, परिपत्रकांच्या फायली, प्रशिक्षणवर्गांतल्या टिपणवह्या, लिफ्टच्या देखभाल कराराचे आणि गच्चीच्या वॉटरप्रूफिंगच्या निविदांचे नमुने असा तो ऐवज पलंगाखालच्या दोन खोक्यांत आणि माळ्यावरच्या एका ट्रंकेत भरलेला होता. घराला रंग द्यायचे ठरले तेव्हा सौभाग्यवतींनी रद्दीवाल्याला परस्पर रविवारची वेळ देऊन टाकली. त्या रविवारच्या आदल्या दिवशी मी आमच्या भागातल्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन, तुम्ही असली पुस्तके देणगी म्हणून घेता का, असे विचारले. पुढच्या सात-आठ महिन्यांत जे घडले त्यावरून या वाचनालयाच्या देणगी स्वीकारण्याच्या व्यवस्थेबद्दल आणि त्यातून उभ्या राहिलेल्या कपाटाबद्दल हे परीक्षण लिहीत आहे. वाचनालयाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण एक तक्रारही लिहायची आहे आणि तिथे कर्मचारी मोजून तीन आहेत.

पहिली गोष्ट मला आवडली ती ही की त्यांनी खोकी आणू दिली नाहीत. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "काका, आधी यादी आणा, पुस्तके नंतर." यादीत पुस्तकाचे नाव, आवृत्तीचे वर्ष आणि स्थिती हे तीन रकाने हवे होते. मला ते थोडे सरकारी वाटले, पण घरी यादी करायला बसलो तेव्हा त्यामागचा शहाणपणा कळला. एकूण ३८ नगांपैकी सहा पुस्तके अशी निघाली की त्यांची पाने कसरीने चाळणी केली होती, आणि तीन पुस्तकांच्या मी नकळत दोन-दोन प्रती घेतल्या होत्या. वाचनालयाने शेवटी २७ नग स्वीकारले आणि ११ नाकारले. नाकारलेल्यांत ही कसर लागलेली पुस्तके होती, दोन रंग कंपन्यांची माहितीपत्रके होती आणि ज्या तीन पुस्तकांच्या जोड्या होत्या त्यांची एकेक प्रत होती. माहितीपत्रके मी मोठ्या आशेने नेली होती. त्यांच्या दृष्टीने ती जाहिरात होती. एखादे वाचनालय फुकट मिळणारी वस्तू नाकारते तेव्हा त्याच्याबद्दल विश्वास वाटू लागतो. पुष्कळ ठिकाणी देणगी म्हणजे जे येईल ते ठेवून घेणे आणि नंतर तेच रद्दीत घालणे असा व्यवहार चालतो.

पोच देण्याची पद्धतही चोख आहे. तीन आठवड्यांनी मला जे पत्र मिळाले त्यात प्रत्येक पुस्तकापुढे दाखलनोंद पुस्तकातला क्रमांक लिहिलेला होता. प्रत्येक पुस्तकाच्या आतल्या पानावर "देणगी" असा शिक्का आणि तारीख होती. देणगीदाराचे नाव छापावे का, असे त्यांनी विचारले. मी नको म्हटले, आणि त्यांनी ते पाळले. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमानुसार मान्यता मिळालेल्या वाचनालयांना दप्तर नीट ठेवावेच लागते हे खरे, तरी देणगीदाराला क्रमांकांसह पोच देण्याचा आग्रह मी फार ठिकाणी पाहिलेला नाही.

या विषयाची पुस्तके घरोघरी असण्याचे कारण नाही, पण ती कुठेतरी असायला हवीत. ज्या ठाण्यात १८९३ साली मराठी ग्रंथ संग्रहालय स्थापन झाले, त्याच ठाण्यात आज नौपाडा, पाचपाखाडीतल्या जुन्या तीन-चार मजली इमारती पाडून मनोरे उभे राहत आहेत आणि घोडबंदर रस्त्यावर एकेका संकुलात शेकडो कुटुंबे राहायला येत आहेत. या माणसांना महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० लागू होतो याची जाणीव बहुधा पहिल्या भांडणाच्या दिवशी होते. त्या दिवशी जो तो मोबाइलवर शोधतो, आणि तिथे कोणीतरी पुढे पाठवलेला अर्धवट मजकूर सापडतो ज्यावर वर्ष नसते, कलम नसते, कधी कधी तर तो दुसऱ्याच राज्याचा असतो. पुस्तकावर निदान प्रकाशनाचे वर्ष छापलेले असते.

आणि वर्षानेच माझी पंचाईत केली.

वाचनालयाने स्वीकारलेल्या ऐवजात एक जाडजूड फाइल होती. तिच्यात मी पुनर्विकासाबाबतचे शासनाचे निर्देश क्रमाने लावले होते. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९-अ खाली निघालेले ३ जानेवारी २००९ चे निर्देश वर आणि त्यांच्या जागी आलेले ४ जुलै २०१९ चे निर्देश खाली, असा तो क्रम होता, कारण मी ते ज्या क्रमाने मिळाले त्या क्रमाने ओवत गेलो होतो. मला स्वतःला कोणते चालू आणि कोणते मोडीत निघालेले हे ठाऊक असल्याने वरच्या कागदावर काही लिहिण्याची गरज कधी वाटली नाही. वाचनालयाने ती फाइल होती तशी दाखल करून मांडणीत ठेवली.

दोन महिन्यांनी आमच्या शेजारच्या इमारतीची पुनर्विकासासाठी विशेष सर्वसाधारण सभा होती. सदस्य ४८, हजर ३४. तिथले एक ज्येष्ठ सदस्य, स्वभावाने अत्यंत अभ्यासू, हातात झेरॉक्स घेऊन उभे राहिले आणि म्हणाले की तीन चतुर्थांश, म्हणजे ३६ सदस्य हजर नसल्यामुळे ही सभाच भरत नाही. झेरॉक्सच्या कोपऱ्यात वाचनालयाचा शिक्का होता. ती माझ्या फाइलची प्रत होती. २००९ च्या निर्देशांप्रमाणे त्यांचे म्हणणे अचूक होते. २०१९ पासून दोन तृतीयांश गणपूर्ती पुरते, म्हणजे ३२, आणि त्या हिशेबाने सभा रीतसर भरली होती. त्या सभेला मी पाहुणा म्हणून मागच्या खुर्चीवर बसलो होतो आणि ती झेरॉक्स दुरूनच ओळखत होतो, कारण कोपऱ्यातला पंचिंगचा फाटका भाग माझ्याच हातचा होता. पाऊण तास वाद चालला. शेवटी कोणीतरी मोबाइलवर नवे निर्देश काढले, आणि त्या ज्येष्ठांचा चेहरा असा पडला की मला उठून कबुली द्यावीशी वाटली. सभा संपल्यावर जिन्यात दिली. ते म्हणाले, "अहो, पण शिक्का वाचनालयाचा होता ना!"

या प्रसंगाचा दोष मी निम्मा स्वतःकडे घेतो. पण निम्मा वाचनालयाकडे राहतोच. कथा-कादंबरीची जुनी आवृत्ती वाचल्याने कोणाचे नुकसान होत नाही. कायद्याची जुनी आवृत्ती चालू म्हणून वाचली तर होते. २०११ च्या ९७ व्या घटनादुरुस्तीनंतर २०१३ मध्ये राज्याच्या कायद्यात बदल झाले, २०१४ मध्ये गृहनिर्माण संस्थांचे नवे आदर्श उपविधी आले, २०१९ मध्ये कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी तेरा-ब हे स्वतंत्र प्रकरण घातले गेले. म्हणजे २०१० चे पुस्तक आणि २०२० चे पुस्तक शेजारी शेजारी उभे असतील तर त्यांतला एक सल्ला चुकीचा असण्याची शक्यता मोठी. ही गोष्ट वाचनालयाला आपणहून सुचायला हवी होती, कारण कायद्याच्या इतर पुस्तकांबाबत त्यांच्याकडे हाच प्रश्न आधीपासून असणार.

दुसरा दोष मांडणीचा. वाचनालय ड्युईचे दशांश वर्गीकरण पाळते, आणि त्या पद्धतीत सहकाराला ३३४, खासगी कायद्याला ३४६ आणि हिशेबनिशीला ६५७ हे क्रमांक आहेत. परिणामी माझी पुस्तके तीन वेगवेगळ्या कपाटांत गेली. सोसायटीचे हिशेब कसे ठेवावेत हे सांगणारे पुस्तक बँक परीक्षांच्या मार्गदर्शकांच्या शेजारी जाऊन बसले, आणि अभिहस्तांतरणावरचे, म्हणजे जमीन-इमारतीची मालकी सोसायटीच्या नावे करून घेण्यावरचे, पुस्तक मृत्युपत्रांच्या पुस्तकांत. ग्रंथालयशास्त्राच्या दृष्टीने यात काहीच चूक नाही. मात्र संध्याकाळी साडेसातला कामावरून परतताना वाटेत डोकावणाऱ्या खजिनदाराला या तिन्ही ठिकाणी जायचे सुचणार नाही. तो ३३४ मधले एक पातळ पुस्तक चाळतो आणि वाचनालयात काही नाही असे म्हणून निघून जातो. मी स्वतः एकाला असे जाताना पाहिले आहे.

सभेच्या प्रकारानंतर मी वाचनालयात गेलो आणि दोन्ही गोष्टी मांडल्या. इथे या सेवेचे कौतुक करायला हवे. ग्रंथपाल बाईंनी बचाव केला नाही. वर्गीकरणाचे क्रमांक बदलता येणार नाहीत, पण जागा बदलता येईल, असे त्या म्हणाल्या, आणि पंधरा दिवसांत संदर्भ विभागातले खिडकीजवळचे एक अर्धे कपाट रिकामे करून सगळी २७ पुस्तके व फायली तिथे एकत्र आणल्या. दारावर "सोसायटी व्यवस्थापन" अशी पाटी लागली. जुन्या मजकुरासाठी मी आणि त्यांनी मिळून एक साधी युक्ती केली. ज्या पुस्तकाचा मजकूर बदलला आहे त्याच्या आतल्या पानावर पिवळी चिठ्ठी, आणि तिच्यावर कोणत्या वर्षापर्यंत हे लागू होते व आता काय पाहावे, एवढेच. तीन शनिवार सकाळी बसून चिठ्ठ्या लिहिल्या. पुनर्विकासाच्या फाइलचा क्रम उलटा केला, आणि २००९ च्या निर्देशांवर मी लाल पेनाने तिरपी रेघ मारली. ती रेघ मारताना मला फार बरे वाटले.

जुने सगळे फेकून द्यावे असे मात्र मला वाटत नाही. जुनी परिपत्रकेही कामाला येतात. सदनिका भाड्याने दिल्यास लागणारे बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही आणि महापालिका हद्दीत सदनिका दुसऱ्याच्या नावे होताना सोसायटी घेते ते हस्तांतरण अधिमूल्य २५,००० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही, या मर्यादा २००१ सालच्या आहेत आणि आजही सोसायट्यांच्या कार्यालयांत रोज भांडणाचे कारण होतात. ती दोन परिपत्रके असलेले पान तीन महिन्यांत एवढे हाताळले गेले की ग्रंथपालांनी त्याला प्लास्टिकच्या आवरणात घातले आहे.

लोक काय वाचतात हा माझ्या कुतूहलाचा विषय होता, आणि तिथे माझा अंदाज साफ चुकला. मला वाटले होते की कायद्याच्या टीपांसह असलेले जाड पुस्तक, जे मी सर्वांत महाग घेतले होते, ते सर्वांना हवे असेल. ते जवळजवळ कोणी उघडत नाही. खपते ती माझी नमुन्यांची फाइल. वार्षिक सभेची सूचना, १४ पूर्ण दिवसांची मुदत धरून, कशी लिहावी. इतिवृत्तात ठराव कसा मांडावा, सूचक-अनुमोदक कुठे लिहावेत. थकबाकीदाराला पहिले, दुसरे आणि तिसरे पत्र कोणत्या भाषेत जावे. तीन निविदांची तुलना एका कागदावर कशी करावी. लोकांना अधिकार माहीत नसतात असे नाही, पहिले वाक्य सुचत नसते. नव्या सचिवांना तर विशेषच. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यायची म्हणून ऑगस्टअखेर जी धावपळ होते, त्या दिवसांत ही फाइल खिडकीजवळच्या टेबलावरून कपाटात परत जातच नव्हती, असे ग्रंथपालांनी सांगितले.

हे नमुने देताना एक काम करावे लागले ते इथे लिहून ठेवतो, कारण दुसरे कोणी देणगी देणार असतील तर त्यांना उपयोगी पडेल. माझे नमुने खऱ्या पत्रांच्या प्रती होत्या, त्यांत माणसांची नावे, सदनिका क्रमांक आणि थकबाकीचे आकडे होते. शेजाऱ्याची थकबाकी सार्वजनिक वाचनालयात ठेवणे शोभत नाही. मी काळ्या मार्करने सगळे खोडले आणि समाधानाने कागद ट्यूबलाइटसमोर धरला, तर शाईखालून नाव स्वच्छ वाचता येत होते. शेवटी खोडलेल्या पानांची झेरॉक्स काढली, मूळ पाने फाडली आणि झेरॉक्स फाइलला लावली. १४० पानांना दोन संध्याकाळी गेल्या. वाचनालयाने याबद्दल काही विचारले नव्हते. त्यांच्या देणगीच्या अर्जात तसा एक प्रश्न असायला हवा, ही माझी सूचना आहे.

गळतीचे एक उदाहरण इथे सांगण्यासारखे आहे, कारण ते मी तिथे बसलेलो असताना घडले. पावसाळ्यात एक गृहिणी आल्या, चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या, छतातून पाणी गळते आणि समिती म्हणते तुमचे तुम्ही बघा. ग्रंथपाल बाईंनी स्वतः सल्ला दिला नाही. त्यांनी आदर्श उपविधींचे पुस्तक काढून दुरुस्तीच्या भागाचे पान उघडून दिले आणि त्यांना वाचू दिले. वरच्या घरातला संडास, मोरी, सिंक यांमुळे होणारी गळती त्या सदस्याच्या खर्चाची. गच्ची, बाहेरच्या भिंती, सामायिक पाइप यांची गळती संस्थेच्या खर्चाची, असे तिथे लिहिलेले आहे. त्या गृहिणींच्या इमारतीला चारच मजले होते, म्हणजे त्यांच्या डोक्यावर गच्ची. त्यांनी ते पान दोनदा वाचले, मोबाइलवर फोटो काढला आणि समोरच्या दुकानातून झेरॉक्सही काढून आणली. वाचनालयाने वकील होण्याचा प्रयत्न न करता पान उघडून देणे, एवढेच करावे, आणि ते इथे नेमके होते.

मर्यादा मात्र सांगितल्या पाहिजेत. हे कपाट ठाण्यासारख्या जमिनींवरच्या सोसायट्यांसाठी आहे. माझी मेहुणी नेरूळला राहते. तिच्या सोसायटीची जमीन सिडकोची, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची, भाडेपट्ट्याची. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने नवी मुंबईतले भूखंड मुख्यतः ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले, त्यामुळे तिथे सदनिका विकताना सोसायटीच्या ना हरकत दाखल्याबरोबर सिडकोचे हस्तांतरण शुल्क आणि परवानगी हा स्वतंत्र अध्याय असतो. आमच्या कपाटात त्याबद्दल एक ओळ नाही. ती आमच्याकडे आली असताना मी मोठ्या अभिमानाने तिला कपाट दाखवायला नेले आणि तिने विचारलेल्या पहिल्याच प्रश्नाला तिथे उत्तर नव्हते. वाशी, नेरूळ, बेलापूरच्या वाचनालयांनी आपल्या भागातल्या निवृत्त सचिवांकडून असे दप्तर मिळवले तर ते आमच्यापेक्षा वेगळे आणि अधिक गरजेचे ठरेल.

मानीव अभिहस्तांतरणावरचे, म्हणजे बिल्डर मालकी करून देत नसेल तेव्हा ती सरकारी आदेशाने मिळवण्यावरचे, साहित्यही तोकडे आहे. १९६३ च्या मोफा, म्हणजे सदनिकांच्या मालकीविषयीच्या, कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज कसा करायचा यावर एकच पुस्तक आहे, तेही माझ्यासारख्याच कोणीतरी दिलेले आणि अर्धे रेघा मारून वाचलेले. स्थापत्य परीक्षणाबद्दल (स्ट्रक्चरल ऑडिट) काहीच नाही, आणि ही उणीव मला सर्वांत जास्त बोचते, कारण १५ ते ३० वर्षांच्या इमारतींचे दर पाच वर्षांनी व त्याहून जुन्यांचे दर तीन वर्षांनी परीक्षण करावे असे उपविधी सांगतात आणि ठाण्यात दोन्ही गटांतल्या इमारती भरपूर आहेत. माझ्याकडे आमच्या इमारतीचा अहवाल होता. तो द्यायला समितीची परवानगी लागते, आणि समितीने अजून ठराव केलेला नाही. सभेच्या विषयपत्रिकेवर तो विषय दोनदा आला आणि दोन्ही वेळा पार्किंगने वेळ खाल्ला.

बसायला जागा बरी आहे, पंखा चालतो, वेळ सकाळी आणि संध्याकाळी आहे, दुपारी बंद. सभासद नसलेल्यालाही संदर्भ विभागात बसून वाचता येते, ओळखपत्र दाखवून वहीत नाव लिहावे लागते. हे कपाट पुरते संदर्भाचे असल्याने पुस्तके घरी मिळत नाहीत.

गुण द्यायचेच झाले तर देणगी स्वीकारण्याच्या पद्धतीला पाचपैकी पाच, मांडणीला सुरुवातीला दोन आणि आता चार, आणि चूक दाखवल्यावर ती सुधारण्याच्या वृत्तीला मी पुन्हा पाच देईन. चिठ्ठ्या दरवर्षी तपासाव्यात असे ठरले आहे. ते काम मी करीन असे कबूल केले आहे आणि माझ्यानंतर कोण करील ते लिहून ठेवायला ग्रंथपालांनी सांगितले आहे.

गेल्या महिन्यात आमच्या नव्या सचिवांना सिंकिंग फंडाच्या, म्हणजे इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी साठवायच्या निधीच्या, किमान पाव टक्क्याचा हिशेब कसा मांडायचा ते दाखवायचे होते. पुस्तक माझेच, पेन्सिलीच्या खुणा माझ्याच. एक दिवसासाठी घरी द्या, असे मी ग्रंथपाल बाईंना म्हटले. त्यांनी नियमावलीच्या पाटीकडे बोट केले आणि एक कागद पुढे सरकवला. मी खिडकीजवळ बसून तो तक्ता हाताने उतरवून घेतला.